पीसी (पॉलिएस्टर-कॉटन) टी-शर्टवर डिस्चार्ज पांढरा का येत नाही, आणि हातातल्या ऑर्डरचं काय करायचं

प्रश्न कळव्याच्या एका तरुण प्रिंटरचा आहे. थोडक्यात सांगतो. गोविंदा पथकाचे २४० काळे टी-शर्ट, लेबलवर ६० टक्के कॉटन आणि ४० टक्के पॉलिएस्टर. पाठीवर पथकाचं मोठं नाव, छातीवर छोटं बोधचिन्ह, दोन्ही पांढऱ्यात. पथकाला रबरासारखा जाड प्रिंट नको होता म्हणून यांनी कापडातलाच रंग काढणारी डिस्चार्ज शाई घेतली. सॅम्पल राखाडी आलं. तिच्यात मिसळायची पावडर ६ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर नेली, तरी राखाडी ते राखाडीच, वर गाळाभर वास. दहीहंडीला नऊ दिवस उरलेत. पावडर अजून वाढवू की दुसऱ्या कंपनीची शाई आणू, असं विचारलंय, सॅम्पलचा फोटोही पाठवलाय.

पावडर वाढवू नका आणि शाईवर आणखी पैसेही घालू नका. तुमची शाई तिचं काम नीट करतेय. काम अर्ध्या कपड्यावरच होण्यासारखं आहे, एवढीच अडचण.

प्लास्टिसोल (रबरासारखी जाड शाई), खादी (जाड पांढरी पेस्ट), पिगमेंट या सगळ्यांत आपण कापडावर रंग चढवतो. डिस्चार्जमध्ये आधी कापडातला रंग काढतो. पेस्टमध्ये आपण जी पावडर टाकतो ती बहुतेक वेळा झिंक फॉर्माल्डिहाइड सल्फॉक्झिलेट असते. तिचं भावंड असलेला रोंगालाइट आपल्याकडच्या जुन्या छपाईवाल्यांना चांगला माहीत आहे. उष्णता आणि ओलावा एकत्र मिळाला की ही पावडर रंगाच्या रेणूमधला नायट्रोजनचा जोड तोडते. जोड तुटला की रंग दिसेनासा होतो आणि खालचं कापड उघडं पडतं. कॉटनवर चढवलेले बरेचसे रिॲक्टिव्ह रंग असे तुटतात. पॉलिएस्टरचं गणित निराळं. त्याला डिस्पर्स रंगाने रंगवतात, तेही मोठ्या तापमानात आणि दाबाखाली, म्हणजे रंग धाग्याच्या पोटात शिरून बसलेला असतो. आपली पाण्यातली पेस्ट तिथपर्यंत पोचतच नाही. पॉलिएस्टरचा रंग काढायची रीतही आहे, स्टॅनस क्लोराइड आणि जास्त दाबाची वाफ वापरून. पण ते मिलचं काम. टेबलावर स्क्वीजी मारणाऱ्या माणसाने त्याच्या वाटेला जाऊ नये.

म्हणजे तुमच्या टी-शर्टमध्ये कॉटनचे तंतू उजळले आणि पॉलिएस्टरचे काळेच राहिले. भिंग घेऊन बघा, दोन्ही शेजारी शेजारी दिसतील. लांबून डोळ्याला त्याचंच राखाडी दिसतं. १० काय, २० टक्के पावडर घातली तरी तुटण्यासारखं जे होतं ते कधीच तुटून झालंय. उरलेली पावडर फक्त वास मारणार.

आता लोक सहसा चुकतात ती जागा. लेबलवरचे आकडे वाचून आपण ठरवतो की कॉटन ६० आहे म्हणजे रंगही ६० टक्के जाईल. तसं होत नाही. प्रश्न आहे तो रंग कुठल्या धाग्याने धरलाय याचा. काही हिदर, म्हणजे दोन छटांचे तंतू मिसळलेल्या कापडांत पॉलिएस्टर पांढराच सोडलेला असतो आणि फक्त कॉटन रंगवलेलं असतं. असं ५०-५० चं कापड माझ्याकडे एकदा आलं होतं, निळसर, पावसाळी ढगासारखं. मी कपाळाला हात लावूनच सॅम्पल काढलं, आणि जे पांढरं उमटलं ते शुद्ध कॉटनच्या काळ्यावरसुद्धा क्वचित उमटतं. सोपं आहे, पॉलिएस्टर आधीच पांढरा होता आणि कॉटनचा रंग गेला, मग उरलं काय? याच्या उलट मेलांज, म्हणजे वेगवेगळ्या रंगांचे तंतू मिसळून काढलेलं सूत. ग्रे मेलांजमध्ये कॉटन जास्त म्हणून आपण खूश होतो, पण तो काळा ठिपका बहुतेक वेळा सूत काढायच्या आधीच रंगवलेल्या तंतूचा असतो. तो व्हिस्कोस असला तरी कधीकधी रंग तंतू तयार होतानाच त्यात मिसळलेला असतो, आणि तो तुमच्या पावडरला भीक घालत नाही. एरवी रिॲक्टिव्हने रंगवलेला व्हिस्कोस छान उजळतो, कॉटनसारखाच. लायक्राचे पाच टक्के असले तर रंगाला फारसा फरक पडत नाही, फक्त उष्णतेला जपायचं.

शंभर टक्के कॉटन घेतलं म्हणजे सुटलो, असंही नाही. फिरोजी रंग तांब्याच्या वेगळ्या जातीच्या रंगद्रव्यापासून येतो, त्यात तुटायला तो जोडच नसतो. म्हणून फिरोजी आणि काही रॉयल निळे हलत नाहीत. पोपटी हिरव्याची तर गंमतच आहे. तो पिवळा आणि फिरोजी मिसळून केलेला असेल तर पिवळा उडतो आणि प्रिंटमध्ये फिरोजी अक्षरं उमटतात. गिऱ्हाईक म्हणतं, 'हे काय नवीन?' सल्फर काळा आणखी लबाड. सल्फर रंग पावडरने विरघळतो, पण तुटत नाही. हवा लागली की परत काळा व्हायला बघतो. आणि काळं साफ उतरलं तरी खाली दूधपांढरं कापड असेलच असं नाही. गडद रंगासाठी कापड पुरतं ब्लीच करत नाहीत, तो खर्च कोण करील? म्हणून नुसत्या बेसने, म्हणजे रंग न मिसळलेल्या पेस्टने छापलं तर सायीसारखा, मातकट पांढरा येतो. पांढरा हवा असेल तर टायटॅनियमचं पांढरं रंगद्रव्य असलेलाच डिस्चार्ज व्हाइट घ्यायचा.

हे मी शहाणपणाने शिकलो नाही, पदरचे पैसे घालून शिकलो. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या गाळ्यात नवीन असताना एका मंडळाची काळ्या, शुद्ध कॉटनच्या टी-शर्टची ऑर्डर घेतली. सॅम्पल पास, पहिले शंभरेक शर्ट झकास. पुढचं गाठोडं उघडलं, तेच काळं, तेच लेबल, आणि ड्रायरमधून बाहेर आलं ते गंजलेल्या पत्र्याच्या रंगाचं. रात्री अकरा वाजता मी स्क्रीन धुतोय, शाई नव्याने मिसळतोय, कारागिराला ओरडतोय. चूक कुणाचीच नव्हती, म्हणजे आमच्यातल्या कुणाची नव्हती. पुरवठादाराने दोन डाय हाऊसचा माल एका ऑर्डरमध्ये दिला होता, आणि दुसऱ्या लॉटमध्ये शेड बिघडलेलं कुठलंतरी तपकिरी कापड काळ्यात बुडवून खपवलेलं. वरचं काळं गेलं, खालची चूक उघडी पडली. तेव्हापासून गाठोडं उघडलं की लॉट वेगळे करतो, प्रत्येक लॉटमधला एक शर्ट बळी देतो, आणि बिलावर लिहितो की डिस्चार्जच्या शेडची हमी फक्त पास केलेल्या लॉटपुरती.

सॅम्पल म्हणजे शर्टचा आतला घेर किंवा बगलेखालची जागा. थोडी पेस्ट, मोजून पावडर, छोट्या स्क्रीनने दोन हात मारायचे. ड्रायर नसेल तर हीट प्रेस चालतं, पण थेट दाबायचं नाही. १६० अंशावर प्लेट पंधरा-वीस सेकंद कापडाच्या जरा वर धरायची, वाफ जाऊ द्यायची, मग कागद ठेवून हलकं दाबायचं. लगेच दाबलं तर वाफ कोंडते, शाई कागदाला लागते आणि सॅम्पल खोटं बोलतं. लेबलवर विश्वास नसेल तर शिवणीच्या आतल्या कापडाचा एक धागा (शिलाईचा दोरा नव्हे) काढून जाळा. कॉटन कागदासारखं जळतं आणि राख उरते, पॉलिएस्टर आकसून कडक मणी होतो. दोन्ही दिसलं की मिश्रण. पण मघाशी म्हटलं तसं, रंग कुणी धरलाय ते जाळून कळत नाही, छापूनच कळतं.

आता तुमच्या २४० शर्टांकडे येऊ. पहिलं, पथकाला 'रबर नको' हे उगाच सुचलेलं नाही. पाठीवर आणि खांद्यापर्यंत जाड प्लास्टिसोल असेल, त्यावर पाणी पडलं आणि घाम आला, की वरच्या थरातल्या पोराचा पाय तिथे सटकतो. खालच्या थरात उभं राहणाऱ्या एका दादांनी मला हे माझ्याच गाळ्यात शर्ट पालथा घालून दाखवलं होतं. कापड कापडच राहायला हवं, हा त्यांचा मुद्दा आहे, आणि तो रास्त आहे. पांढरं शुभ्र हवं, हा दुसरा. पीसीवर या दोन मागण्या एकाच जागी पुऱ्या होत नाहीत. पण त्या एकाच जागी आहेत कुठे?

पाठीवर आणि खांद्यावर डिस्चार्जच ठेवा आणि राखाडी म्हणूनच विका. काळ्यावर फिकट राखाडी वाईट दिसत नाही, जुन्या धुवट शर्टाचा देखावा येतो, आणि त्यासाठी लोक मॉलमध्ये जास्त पैसे मोजतात. उजळपणा वाढवायचा तर बेसऐवजी डिस्चार्ज व्हाइट, दोन पूर्ण हात, आणि अक्षरं जाड. ठाण्यातल्या टेंभी नाक्याच्या गर्दीत नाव रस्त्यापलीकडून वाचता आलं पाहिजे. देवनागरीला इथे जास्त जपावं लागतं. ही शाई कापडात मुरते आणि किंचित पसरते, त्यामुळे बारीक फाँटमधला रफार आणि अनुस्वार भरून जातात, जोडाक्षर एकमेकांत चिकटतं. कुठलीही रेघ आणि कुठलीही फट २ मिलिमीटरपेक्षा बारीक ठेवू नका. पथकाने भगवा मागितला तर सॅम्पल दाखवूनच हो म्हणा, कारण खाली राहिलेल्या काळ्या तंतूंमुळे केशरीची वीट होते.

छातीवरचं बोधचिन्ह छोटं आहे, तिथे कुणी पाय ठेवत नाही. ते प्लास्टिसोलमध्ये करा, पण साध्या पांढऱ्यात नाही. पॉलिएस्टरचा डिस्पर्स रंग गरम झाला की वायू होऊन वर येतो आणि पांढऱ्या शाईत शिरतो. छापताना सगळं ठीक दिसतं, चार दिवसांनी पांढऱ्यावर मळकट झाक येते. लाल आणि मरून शर्टावर तर सरळ गुलाबी. त्यासाठी खाली हा रंग अडवणारा राखाडी ब्लॉकर बेस, फ्लॅश (वरून उष्णता देऊन झटपट वाळवणं), मग लो-ब्लीड, म्हणजे खालचा रंग कमी शोषणारा पांढरा, आणि शक्य असेल तर कमी तापमानाला, १३० अंशांच्या आसपास पिकणारी (पक्की होणारी) शाई. सॅम्पल छापून दोन-तीन दिवस उबदार जागी वजनाखाली ठेवा. नऊ दिवसांतले हे दिवस वाचवायचा मोह होईल, होऊ देऊ नका.

आणि क्रम. हा चुकला की सगळं चुकलं. आधी पाठ, नंतर छाती. पाठीच्या डिस्चार्जला १६० अंश लागतात. छातीवर प्लास्टिसोल आधी छापून तोच शर्ट १६० च्या ड्रायरमधून काढलात तर ब्लॉकर असो नसो, झाक वर येणार. म्हणून पाठ छापा, पिकवा, शर्ट धुऊन वाळवा, मग छाती कमी तापमानाला. छातीवरचे शर्ट गरम गरम एकावर एक रचू नका, एकाचा ठसा दुसऱ्याच्या कापडावर भुतासारखा उठतो. पसरून थंड करा, मग घड्या.

छापतानाच्या दोन-चार गोष्टी, कारण तुम्ही फक्त पावडरबद्दल विचारलंत, पण फोटोत अजूनही काही दिसतंय. अक्षरांच्या कडा उजळ आणि मधला भाग गडद आहे. हे बहुधा फ्लॅशमुळे. तुम्ही पाठ छापून फ्लॅश मारला असणार, प्लास्टिसोलची सवय. डिस्चार्जला ओलावा हवा. प्रिंट ओला असतानाच शर्ट ड्रायरमध्ये गेला पाहिजे, आधी वाळला तर प्रक्रिया अर्धवट थांबते. दोन रंग असतील तरी ओल्यावर ओला. जाळी ४३ टी ते ६१ टी (सेंटीमीटरला इतके धागे) पुरते, ७७ टी फार तर बारीक हाफटोनला, म्हणजे ठिपक्यांच्या चित्राला. इमल्शन (स्क्रीनवर स्टेन्सिल बनवायचा लेप) पाणी सोसणारं घ्या, नाहीतर शंभराव्या शर्टापर्यंत स्टेन्सिलच्या कडा विरघळायला लागतील. एक्स्पोज करून धुतल्यावर स्क्रीन परत एकदा उजेडात ठेवली तर ती आणखी घट्ट होते.

ड्रायरमध्ये कापडाचं तापमान १६० अंश आणि त्यावर दोन ते तीन मिनिटं. पॅनेलवरचा आकडा आणि कापडावरचा आकडा एक नसतो, चिकटवायच्या तापमानपट्टीने एकदा खरं काय ते बघा. हवा फिरणारा ड्रायर हवा. नुसते इन्फ्रारेड दिवे असतील तर वाफ शर्टावरच घुटमळते. पीसीवर फार जास्त ठेवलं तर पॉलिएस्टर चमकतो आणि कापड आकसतं, म्हणून सॅम्पलमध्येच किती सेकंदांना शेड थांबते ते ठरवून टाका आणि पट्ट्याचा वेग तिथेच ठेवा.

पावसाळ्याचा एक फायदा आणि एक तोटा. एप्रिल-मेमध्ये ठाण्याच्या पत्र्याच्या गाळ्यात शाई स्क्रीनवर दहा मिनिटांत वाळते, पंखा लावला की जाळीच बंद. श्रावणात तो त्रास नाही, शाई निवांत चालते. पण पावडरचा डबा उघडा राहिला तर ती ओल खेचते, गोळे होतात आणि ताकद जाते. डबा घट्ट, आत पिशवी, आणि पावडर काट्यावर मोजून. एक किलो पेस्टला ६० ग्रॅम, चमच्याने नाही. मिसळलेली शाई सहा-आठ तास चालते, म्हणून एका वेळी अर्धा किलोच मिसळा. उरलेली मिसळलेली शाई डब्यात घट्ट बंद करून ठेवू नका. तिच्यातून वायू सुटतो, डबा फुगतो. माझ्याकडे एकदा झाकण छताला लागलं होतं, कारागीर अजून ती गोष्ट सांगतो.

वासाचं हसण्यावारी नेऊ नका. त्यात फॉर्माल्डिहाइड आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये ते माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. ड्रायरच्या दोन्ही तोंडांवर एक्झॉस्ट आणि तो बाहेर सोडणारा, नुसता पंखा नव्हे. पावडर मिसळताना हातमोजे आणि रसायनांसाठीचा कार्ट्रिज असलेला मास्क, कापडी नाही. पोरं दार लावून रात्रपाळी करतात, ती सवय या शाईला चालणार नाही. शर्ट द्यायच्या आधी धुवा. गारमेंट वॉशिंगवाल्याकडे २४० शर्ट एका दिवसात होतात. धुतल्यावर वास जातो, हात मऊ होतो आणि खरी शेडही तेव्हाच दिसते. कापडातली घातक रसायनं तपासणाऱ्या ओको-टेक्सच्या मानकात अंगाला लागणाऱ्या कपड्यात फॉर्माल्डिहाइडची मर्यादा किलोला ७५ मिलिग्रॅम आहे, आणि तान्ह्या बाळांच्या कपड्यात ते सापडताच कामा नये. पथकासोबत छोट्या गोविंदांचे शर्ट असतील तर त्यांना डिस्चार्ज छापू नका, साधा पाण्याचा पिगमेंट प्रिंट द्या. उरलेली शाई मोरीत ओतू नका.

मग दिवसांचं गणित असं. आज दोन सॅम्पल: पाठीचा राखाडी डिस्चार्ज, छातीचा ब्लॉकरवरचा पांढरा. आजच प्रत्येक लॉटमधला एक शर्ट तपासा. पाठीचं सॅम्पल धुऊन उद्या पथकाच्या दादांना नेऊन दाखवा, उन्हात, दिव्याखाली नाही, आणि पाठ फिरवून उभं राहायला सांगा. राखाडी पटली तर सॅम्पलच्या मागे सही घ्या. परवा आणि तेरवा पाठ छापून पिकवा, पाचवा दिवस धुलाईचा, सहावा वाळवणीचा. तोवर छातीच्या सॅम्पलला दाबून ठेवून पाच दिवस झालेले असतील. ते पांढरंच राहिलं असेल तर सातव्या दिवशी छाती. झाक आली असेल तर बोधचिन्ह राखाडीतच करा, पाठीशी जुळेल. आणि दादांना राखाडी मुळीच पटली नाही, पांढरंच हवं म्हणाले, तर पाठीवर खांद्यापासून चार बोटं खाली, जिथे पाय येत नाही तिथे, पातळ ब्लॉकर आणि पातळ पांढरा. किंवा काळ्या शुद्ध कॉटनचे शर्ट नव्याने उचला. भाव ऐकून बहुतेक पथकं राखाडीवर येतात.